मदत हवी आहे: पेनी रेडवरचा आकडा ७७ की १७७?

नमस्कार मंडळी,

माझे मामा १९६६ साली मँचेस्टरला गेले आणि तिथलेच झाले. गेल्या वर्षी ते वारले. मामींनी त्यांची तिकिटांची तीन स्टॉकबुकं माझ्याकडे पुण्याला पाठवली, कारण तिकीट चिमट्याने कसं धरायचं हे मामांनीच मला सातवीत असताना शिकवलं होतं. त्यानंतर माझा छंद सुटला, त्यांचा नाही.

एक पूर्ण स्टॉकबुक फक्त पेनी रेडचं आहे: व्हिक्टोरिया राणीचं एक पेनीचं लाल तिकीट, चारही कोपऱ्यांत अक्षरं असलेलं, १८६४ पासूनचं. दोन्ही बाजूंच्या जाळीदार नक्षीत छपाईच्या प्लेटचा आकडा इतका बारीक कोरलेला असतो की भिंगाशिवाय दिसतच नाही. आकडे ७१ ते २२५. त्यांतल्या ७५, ७७, १२६ आणि १२८ या प्लेटा रीतसर वापरात आल्याच नाहीत, म्हणजे जमवायच्या राहतात १५१. मामांकडे १३८ आहेत, प्रत्येक तिकिटाखाली पेन्सिलीने आकडा लिहिलेला.

फक्त एका तिकिटाखाली "७७? १७७?" असं लिहिलंय, आणि ते ७६ आणि ७८ च्या मधे ठेवलंय.

७७ ची प्लेट सदोष म्हणून बाद झाली होती, पण तिची थोडी तिकिटं बाहेर गेलीच. आज मोजकीच माहीत आहेत आणि त्यांची किंमत फार मोठी आहे. १७७ मात्र अगदी सहज मिळतं. मला विकायचं नाहीये. मामांनी इतक्या वर्षांत ज्याचा निकाल लावला नाही, तो आकडा बरोबर लिहावा एवढंच मनात आहे.

तिकिटाचा तपशील देते. खालच्या कोपऱ्यांत P आणि H, वरच्या कोपऱ्यांत तीच उलट, H आणि P. म्हणजे २४० तिकिटांच्या तावावर सोळावी ओळ, आठवी जागा. पण प्रत्येक प्लेटवर ही जागा असतेच, तेव्हा याने काही ठरत नाही. कागदातलं मुकुटाचं जलचिन्ह आणि १४ चं छिद्रण (कडेला दर दोन सेंटिमीटरमागे १४ छिद्रं) दोन्ही प्लेटांना सारखंच. शिक्का ४९८ चा, म्हणजे मँचेस्टरचा. त्याच्या जाड काळ्या पट्ट्यांखाली डावी नक्षी पूर्ण गेली आहे. उजवीकडे दोन सात दिसतात, पण त्यांच्या आधी नेमकी एक पट्टी आली आहे. तिच्या कडेला जे दिसतं ते एकचं टोक आहे की नक्षीची रेघ, हे मला दहापट भिंगातूनही कळत नाही. पाकीट नाही, सुटं तिकीट आहे.

शिक्क्याखालचं वाचायचा काही मार्ग आहे का? आणि लंडनला तज्ज्ञांकडे पाठवण्याआधी घरी काय तपासावं?

प्रतिसाद

ताई, तिकीट आधी जपून ठेवा आणि शिक्का फिका करायला पाणी किंवा कसलंही रसायन लावू नका. उद्या तज्ज्ञांकडे पाठवायची वेळ आली तर तिथे पहिली शंका हीच घेतात, कारण १७७ मधला एक खरवडून ७७ बनवायचे प्रकार पूर्वीपासून चालत आले आहेत.

आता आकड्याचं. एक दिसतो का हे शोधण्यापेक्षा सात कुठे बसलेत ते बघा. दोन आकड्यांच्या प्लेटवर सातांची नक्षीतली जागा वेगळी आणि तीन आकड्यांच्या प्लेटवर वेगळी. मामांच्या संग्रहातलं ७६ घ्या, १७६ आणि १७८ घ्या, चारही तिकिटं १२०० डीपीआयवर एकाच मापात स्कॅन करा. उजव्या नक्षीतले वेटोळे वरून मोजत या. तुमच्या तिकिटातला पहिला सात ७६ मधल्या साताच्या जागी आहे, की १७६ मधल्या?

दुसरं, स्कॅन फोटोच्या प्रोग्रॅममधे उघडून लाल आणि हिरवा चॅनल वेगळे करून बघा. लाल चॅनलमधे तिकिटाची शाई जवळजवळ नाहीशी होते आणि फक्त शिक्का उरतो. हिरव्यात दोन्ही गडद दिसतात. जी रेघ हिरव्यात आहे पण लालमधे नाही, ती तिकिटाची.

तिकीट पाकिटावर असतं तर तारखेनेच बरंचसं उरकलं असतं. ७१ च्या पुढच्या प्लेटा १८६४ मधे आल्या आणि १७७ त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी. सुट्या तिकिटावर तो आधार राहत नाही. तरी छाननी करून उत्तर ७७ कडे झुकलं, तरच रॉयल फिलाटेलिक सोसायटीच्या तज्ज्ञ समितीचा खर्च करा. १७७ साठी नको.

धागाकर्तीचा प्रतिसाद

मनापासून आभार. काल रात्री मुलाने चॅनल वेगळे करून दिले. पट्टीच्या कडेला जे टोक होतं ते हिरव्यात आहे, लालमधे नाही, म्हणजे ते तिकिटाचंच. पण तेवढ्यावर विश्वास बसेना, म्हणून वेटोळेही मोजले. पहिला सात १७६ आणि १७८ मधल्या साताच्या बरोबर जागी बसतो. ७६ शी जुळवायला गेलं की सरळ सरकलेला दिसतो.

तिकीट १७७ च्या कप्प्यात हलवलं. ७६ आणि ७८ च्या मधला कप्पा रिकामाच ठेवते. आता मामांची यादी पुढे न्यायची म्हणून बघतेय, तर शेवटची २२५ त्यांच्याकडे नाही आणि ती इथे मिळणं अवघड दिसतंय. कुणाकडे जास्तीचं असेल तर जरूर कळवा. कोपरा दुमडलेला असला, छिद्रं तुटलेली असली तरी चालेल, आकडा मात्र वाचता यायला हवा.