मदत हवी आहे : गोळ्यांमुळे विसराळूपणा वाढतो का?

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या दादाचा आहे. सोलापुरात त्याचं युनिफॉर्म शिवायचं छोटं युनिट आहे. बायपोलरसाठी (मूड टोकाचा वर-खाली होण्याचा आजार) 3 वर्षं लिथियम आणि रिस्पेरिडोन, हातपाय आखडतात म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल, झोपेसाठी क्लोनाझेपाम. आजार ताब्यात आहे, त्यामुळे "गोळ्या बंद करा" म्हणणाऱ्यांना लांबूनच नमस्कार.

पण शाळाशाळांची मापं तोंडपाठ असणारा हा माणूस परवा एकाच बिलासाठी गिऱ्हाइकाला दोनदा फोन करून बसला. "डोक्यात कापूस भरलाय," म्हणतो.

क्लोनाझेपाममुळे नवीन गोष्टी लक्षात राहायला त्रास होऊ शकतो, आणि ट्रायहेक्सिफेनिडिल मेंदूतल्या ॲसिटिलकोलिनला अडवतं, जे स्मरणशक्तीला लागतं, एवढं वाचलंय. लिथियमने थायरॉइड मंदावलं तरी माणूस असाच सुस्तावतो म्हणे. त्यात आपलं ऊन! घाम जाऊन शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं, आणि दादाची शेवटची तपासणी दिवाळीआधीची. मुळात या आजारानेही एकाग्रता जाते, मग ओळखायचं कसं?

कुणाच्या घरी डॉक्टरांनी यातली एखादी गोळी हळूहळू कमी केली का? फरक किती दिवसांत पडला? लिथियम लेव्हल, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) यांशिवाय आणखी काय विचारू? सोमवारी अपॉइंटमेंट आहे. दादा डॉक्टरांसमोर "सगळं झकास" म्हणतो आणि वहिनी गप्प बसते, म्हणून मीच कागदावर लिहून नेणार आहे.