छोट्या डिजिटल कॅमेऱ्याशी गट्टी कशी जमली? तुमचे अनुभव सांगा

खिशात मावणारे छोटे डिजिटल कॅमेरे पुन्हा कपाटांतून बाहेर निघताहेत. चालू केला की भिंगाची नळी पुढे येते, बंद केला की आत जाते, ते. मावसभावाने वापरणं सोडलं आणि त्याचा कॅमेरा माझ्याकडे आला. सध्या त्याच्याशी ओळख करून घेणं चाललंय.

मोबाइल एका क्लिकमागे अनेक फ्रेम घेतो, त्यांची सांगड घालतो आणि उजेड-सावली सावरून मगच फोटो आपल्या हाती ठेवतो. छोटा कॅमेरा बहुतेक वेळा एकच फ्रेम घेतो. त्यामुळे बटण दाबण्याआधी आपण त्याला काय सांगितलं, यावर बरंच ठरतं. 'ऑटो'वर ठेवला तर फोकस कशावर, उजेड किती, फ्लॅश लावायचा की नाही, आयएसओ (म्हणजे उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ठेवायचा) किती हे सगळं तोच ठरवतो. हा कॅमेरा शिकायचा म्हणजे त्यातला एकेक निर्णय आपल्या हातात घ्यायचा, असं माझं मत होत चाललंय. सगळे एकदम घेऊ नयेत, गोंधळ होतो.

मी पहिला घेतला तो फोकसचा. शटरचं बटण दोन टप्प्यांचं असतं. अर्धं दाबलं की कॅमेरा फोकस करतो, चौकट हिरवी होते, बहुतेक कॅमेऱ्यांत 'पीप' असा आवाज येतो. बटण तसंच धरून कॅमेरा थोडा बाजूला वळवला तरी फोकस जागचा हलत नाही, आणि सहसा उजेडाचं मापही तेच राहतं. चेहरा मधोमध ठेवण्याची सक्तीच संपली! खिडकीजवळ बसलेल्या माणसाचा फोटो मला हवा तसा मिळू लागला तो यामुळे.

तुम्ही कोणता निर्णय आधी हातात घेतलात? कुठे अडलं होतं? सविस्तर लिहा. मला खरंच शिकायचंय.

* * *

अर्ध्या बटणाला माझंही अनुमोदन. आमच्याकडे पळणारं लहान मूल आणि त्याच्यामागे पळणारा कुत्रा अशी जोडी आहे. छोटा कॅमेरा उशिरा फोटो काढतो अशी तक्रार सगळेच करतात, पण त्यातला बराचसा वेळ फोकस शोधण्यात जातो. म्हणून दोघं जिथून जाणार त्या जागेवर आधीच अर्धं बटण दाबून ठेवायचं आणि ती तिथे पोचली की पूर्ण दाबायचं. तेव्हा उशीर जवळपास जाणवत नाही. सलग फोटोंचा मोडही आहे, पण मला हे जास्त आवडतं. वाट बघायची सवय लागते.

* * *

मी चित्रकला शिकवते. मुलांच्या चित्रांची नोंद ठेवण्यासाठी छोटा कॅमेरा वापरते, म्हणून माझं शिकणं कागदापासून सुरू झालं.

पांढऱ्या कागदाचा फोटो ऑटोवर काढा, कागद करडा दिसेल. कॅमेऱ्यात बिघाड नसतो. समोरचा उजेड सरासरीने मध्यम करडा असणार असं धरून त्याचं मापन चालतं. हा करडा म्हणजे पडलेल्या उजेडापैकी सुमारे १८ टक्के परत फेकणारा. पांढऱ्याने भरलेली चौकट त्याला 'फार उजेड' वाटते, तो उजेड कमी करतो, कागद मळका होतो. काळ्या कागदावरच्या चित्राचं नेमकं उलट. तिथे तो उजेड वाढवतो आणि काळा फिका पडतो.

यावर कॅमेऱ्यात सोय असते, अधिक-उणे चिन्हाचं बटण. बहुतेकांत उणे २ पासून अधिक २ पर्यंत, एक तृतीयांशच्या पायऱ्यांनी जाता येतं. पांढऱ्या कागदासाठी मी अधिक ०.७ किंवा अधिक १ ठेवते, काळ्यासाठी उणे ०.७. पांढरी भिंत, बर्फ, ढगाळ आकाश, सगळीकडे हाच नियम लागतो. मनात एवढंच धरायचं की पांढऱ्याला अधिक, काळ्याला उणे. ऐकायला उलटं वाटतं, पण करून पाहिलं की पटतं.

रंगांसाठी आणखी एक. व्हाइट बॅलन्समध्ये, म्हणजे दिव्याच्या रंगाची छटा काढून टाकणाऱ्या सोयीत, 'कस्टम' पर्याय असेल तर त्याच दिव्याखाली कोरा पांढरा कागद दाखवून माप घ्या. पिवळ्या बल्बखाली मुलाने रंगवलेलं निळं आभाळ निळंच राहतं. दिवे दोन असावेत, चित्राच्या दोन बाजूंना, तिरके. म्हणजे चकाकी येत नाही. आणि झूम थोडा पुढे घेऊन, मागे सरकून फोटो काढावा. भिंग सर्वांत रुंद असताना कागदाच्या कडा बाहेर फुगल्यासारख्या दिसतात.

हे सगळं मी मुलांनाही शिकवते. 'कॅमेऱ्याला पांढरा रंग कळत नाही' म्हटलं की त्यांचे डोळे चमकतात आणि मग ती स्वतः प्रयोग करायला लागतात.

* * *

बाई, अधिक-उण्याबद्दल मनापासून आभार. आजच करून पाहिलं. पांढरं मांजर अखेर पांढरं दिसलं.

* * *

माझं वय सत्तरीपुढचं आणि हात थरथरतात. कॅमेरा नातीने दिला, शिकवलाही तिनेच. ती सगळा मेन्यू समजावत बसली नाही. रोज एकच गोष्ट दाखवायची आणि दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडून करून घ्यायची. शिकवण्याची ही पद्धत मला फार मोलाची वाटते.

थरथरत्या हातांसाठी जे उपयोगी पडलं ते सांगतो. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात घालून कॅमेरा पुढे ढकलायचा, पट्टा ताठ होईपर्यंत. कोपरं छातीला टेकवायची. जवळ भिंत किंवा खांब असेल तर खांदा टेकायचा. टेबल मिळालं तर कॅमेरा त्यावर ठेवून २ सेकंदांचा सेल्फ-टायमर लावायचा, म्हणजे बटण दाबताना बसणारा धक्का फोटोत येत नाही. टायमर समूहफोटोसाठीच असतो असं मला वाटायचं. आता मी तो सर्वांत जास्त यासाठीच वापरतो.

कॅमेऱ्यात स्थिरीकरणाची सोय आहे. ती आपला हात सावरते. समोरचा माणूस हलला तर तिचा उपयोग नाही, तिथे शटरच वेगवान हवं. जुना ढोबळ नियम असा की झूम ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशोबात १०० मिलिमीटर असेल तर शटर निदान एक शतांश सेकंद असावं. झूम जितका वाढवाल तितकी हाताची थरथर जास्त दिसते. म्हणून मी झूम कमी वापरतो आणि चार पावलं पुढे जातो. पाय अजून चांगले आहेत.

* * *

मला किडे, मुंग्या, कोळी बघायचं वेड आहे आणि त्यासाठी छोट्या कॅमेऱ्यासारखं साधन नाही असं मी ठामपणे म्हणेन. कारण त्याचा सेन्सर, म्हणजे आतली उजेड टिपणारी पट्टी.

साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा. फुल-फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याचा ३६ बाय २४. क्षेत्रफळात तीसपट फरक पडतो. कमी उजेडात हा लहानपणा नडतो, फोटोत दाणे दिसतात. पण लहान सेन्सरबरोबर भिंगही लहान नाभीय अंतराचं येतं, आणि तितकाच भाग चौकटीत घेतला तर जास्त खोलीपर्यंत सगळं स्पष्ट दिसतं. मोठ्या कॅमेऱ्यावर मुंगीचे डोळे स्पष्ट आले की पाय धूसर होतात. इथे मुंगी, ती चालत असलेलं पान आणि मागची फांदीसुद्धा ओळखू येते. तिचं घर, तिची वाट असं सगळं एका फोटोत मावतं. मला नुसता किडा नको असतो, तो कुठे राहतो तेही हवं असतं.

आता वापराचं. फुलाचं चिन्ह म्हणजे मॅक्रो. ते लावल्यावर झूमला हात लावू नका. बरेच कॉम्पॅक्ट कॅमेरे भिंग सर्वांत रुंद असतानाच सगळ्यात जवळ फोकस करतात, काही तर १ ते ५ सेंटिमीटरवर. झूम पुढे नेला की हेच अंतर कित्येक पटींनी वाढतं. मग कॅमेरा फोकस शोधत राहतो आणि माणूस वैतागतो. पुस्तिकेत दोन्ही अंतरं दिलेली असतात, ती पाठ करावीत.

इतक्या जवळ फ्लॅश लावला तर भिंगाच्या नळीचीच सावली फोटोत येते. मी फ्लॅश बंद ठेवतो आणि पोस्टकार्डाएवढा पांढरा पुठ्ठा किड्याच्या दुसऱ्या बाजूला धरतो. सावलीतला भाग अलगद उजळतो. फ्लॅश लागलाच तर त्यावर पातळ टिश्यू कागद.

वेळ सकाळची. किड्यांचं शरीर बाहेरच्या तापमानावर चालतं, गारव्यात ते सुस्त असतात, पंखांवर दव असतं, वाराही सहसा पडलेला असतो. ऊन चढलं की तेच फुलपाखरू जवळ येऊ देणार नाही. आणि जवळ जाताना आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नका, लगेच उडतं.

फोकस इथे बटणाने धरण्यापेक्षा शरीराने धरतो. अर्धं बटण दाबून फोकस बांधायचा आणि मग सगळं अंग अगदी किंचित पुढे-मागे करायचं, स्क्रीनवर डोळे स्पष्ट दिसले की पूर्ण दाबायचं. सवयीला वेळ लागतो, पण नाकतोड्याच्या डोळ्यावरचे पट्टे पहिल्यांदा स्पष्ट दिसतात ना, तेव्हा झालेला आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही. इतकी वर्षं ज्याच्याजवळून जात होतो त्याला पट्टे आहेत हे मला माहीतच नव्हतं.

* * *

फ्लॅशचा विषय निघालाय म्हणून.

छोट्या फ्लॅशचा पल्ला साधारण तीनेक मीटर. अंतर दुप्पट झालं की उजेड एक चतुर्थांश होतो. रंगमंचावरच्या नटासाठी मागच्या रांगेतून फ्लॅश मारण्यात अर्थ नाही, पुढच्या प्रेक्षकांची डोकी तेवढी उजळतात आणि कलाकारांना त्रास होतो. तिथे फ्लॅश बंद, आयएसओ वाढवायचा.

लाल डोळे येतात कारण फ्लॅश भिंगाच्या अगदी शेजारी असतो आणि डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांवरून उजेड सरळ परत येतो. खोलीतले दिवे लावले की बाहुल्या लहान होतात आणि लाली बरीच कमी होते.

रात्रीच्या फोटोत पांढरे गोल दिसतात त्याबद्दलही लिहितो, कारण आमच्या घरात त्यावरून घबराट झाली होती. भिंगासमोर अगदी जवळ असलेले धुळीचे कण किंवा पावसाचे थेंब फ्लॅशमध्ये उजळतात आणि फोकसबाहेर असल्यामुळे गोल दिसतात. फ्लॅश बंद करून तिथेच फोटो काढून दाखवा, भीती जाते.

* * *

मी कॉलेजात आहे. आम्हा मैत्रिणींमध्ये जुने सीसीडी सेन्सरचे (सेन्सरचा हा एक जुना प्रकार) कॅमेरे पुन्हा आलेत. माझा ७ मेगापिक्सेलचा आहे आणि मला तो पुरतो. ७ मेगापिक्सेल म्हणजे साधारण ३०७२ बाय २३०४ ठिपके. पुस्तकाच्या पानाएवढी छान छपाई त्यातून होते.

जुना कॅमेरा घेणाऱ्यांसाठी महत्त्वाचं म्हणजे कार्ड. साधं एसडी कार्ड २ जीबीपर्यंत असतं, ४ ते ३२ जीबीचं एसडीएचसी, त्यापुढचं एसडीएक्ससी. खूप जुने कॅमेरे एसडीएचसी ओळखतच नाहीत. कार्डं दिसायला अगदी सारखी, म्हणून कॅमेरा बिघडलाय असं वाटतं. आधी २ जीबीचं लहान कार्ड मिळवून बघा. काहींना तर एक्सडी किंवा मेमरी स्टिक अशी वेगळ्याच प्रकारची कार्डं लागतात. कार्ड घातल्यावर त्याच कॅमेऱ्यात फॉरमॅट करा, अर्थात आधीचे फोटो उतरवून घेतल्यावर.

दिव्याकडे कॅमेरा धरला की स्क्रीनवर उभी प्रकाशरेषा दिसते. सीसीडीचा तो गुणधर्म आहे. फोटो काढताना शटर बंद होत असल्यामुळे फोटोत ती सहसा येत नाही, व्हिडिओत येते. मला ती आवडते.

कॅमेऱ्याच्या पाठीवर स्क्रीन असणं आपण गृहीत धरतो. १९९५च्या कॅसिओ क्यूव्ही-१० मुळे ते सामान्य ग्राहकांपर्यंत पोचलं. त्याचे फोटो फक्त ३२० बाय २४० ठिपक्यांचे होते! पण काढलेला फोटो तिथल्या तिथे बघता येत होता. मला वाटतं शिकणं सोपं झालं ते तेव्हापासून.

* * *

बघता येण्यावरून. मी शिकलो ते फोटोत लपलेल्या माहितीवरून. प्रत्येक फोटोबरोबर कॅमेरा 'एक्झिफ' नोंद ठेवतो: शटरचा वेग, भिंगाचं छिद्र, आयएसओ, फ्लॅश लागला की नाही, दिनांक, वेळ. संगणकावर फोटोच्या प्रॉपर्टीजमध्ये दिसते. हललेले फोटो एकत्र काढून बघा, बहुतेकांत शटर मंद सापडेल. दाणेदार फोटो बघा, आयएसओ ८०० किंवा १६०० असेल. मग ठरवता येतं. मी माझ्या कॅमेऱ्याला आयएसओ ४००ची कमाल मर्यादा घालून दिली.

त्यासाठी घड्याळ नीट लावलेलं हवं. बॅटरी बरेच दिवस काढून ठेवली तर दिनांक मूळपदावर जातो. चालू केल्यावर आधी ते तपासा.

* * *

सगळ्यांचे आभार. आयएसओची मर्यादा आणि अधिक-उणे आजपासून सुरू. किड्यांवाल्या दादांचा पुठ्ठा उद्या सकाळी. एक विचारायचंय: झूमची पट्टी मध्येच एका रेषेपाशी थांबते आणि पुन्हा दाबलं की पुढे जाते, ते काय?

* * *

त्या रेषेपर्यंत भिंग खरोखर हलतं, तो ऑप्टिकल झूम. रेषेपुढे कॅमेरा फोटोचा मधला तुकडा कापून मोठा करतो, नवा तपशील काही येत नाही. मेन्यूत 'डिजिटल झूम' असेल, तो बंद करून टाका. कापायचं असेल तर नंतर संगणकावर स्वतः कापा, कुठून कापायचं हे तरी आपल्याला ठरवता येतं. आणि वाळूत, धुळीत कॅमेरा चालू करताना जपा. नळी बाहेर येताना एखादा कण अडकला तर मोटर थांबते. मी कॅमेरा झिपच्या पिशवीत ठेवतो आणि वाऱ्याकडे पाठ करूनच चालू करतो.