अपुऱ्या दिवसांच्या बाळाला बुरशीची एवढी भीती का?

प्रश्न (डिचोली)
माझ्या बहिणीचे बाळ २८व्या आठवड्यात जन्मले, वजन ९०० ग्रॅम, आणि सध्या ते बांबोळीला अतिदक्षता विभागात आहे. संसर्ग झालेला नसतानाही त्याला फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचे औषध देत आहेत. माझ्या मुलाच्या तोंडात बुरशीचा पांढरा थर आला होता, तो निस्टॅटिनच्या थेंबांनी गेला. बुरशी तीच असेल, तर एका बाळाला जिभेपुरती आणि दुसऱ्याच्या जिवावर बेतणारी, असे का?

उत्तर (बालरोगतज्ज्ञ, फोंडा)
बुरशी बहुधा तीच, कँडिडा. तिच्यावर प्रथम धावून जाणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींचा साठा नवजात बाळाच्या अस्थिमज्जेत कमी असतो आणि रक्तवाहिनीतून बाहेर पडून संसर्गाच्या जागी पोहोचायलाही त्यांना उशीर लागतो. आईची प्रतिपिंडे वारेतून मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत येतात, ती या बाळाला पुरेशी मिळालेली नाहीत. त्यात त्वचा नाजूक, शिरेत नळी, आणि बुरशीला आवर घालणारे जिवाणू प्रतिजैविकांनी मेलेले. म्हणूनच जेथे असे संसर्ग जास्त आढळतात, तेथे १००० ग्रॅमहून कमी वजनाच्या बाळांना फ्लुकोनॅझोल आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे देण्याची शिफारस आहे.

उत्तर (सूक्ष्मजीवशास्त्राची शिक्षिका, म्हापसा)
कँडिडा ऊतीत शिरताना लांब तंतू काढते. तंतू गिळता येण्याजोगा नसला, की न्यूट्रोफिल स्वतःचा डीएनए बाहेर टाकून त्याचे जाळे पसरते. नवजात बाळाच्या पेशींना जन्मानंतर पहिले काही दिवस हे जाळे नीट विणता येत नाही. गर्भनाळेच्या रक्तात ते रोखणारा एक प्रथिनखंडही सापडला आहे. म्हणून याला निव्वळ दुबळेपणा म्हणणे मला पटत नाही: जन्मताच असंख्य सूक्ष्मजीव अंगावर वस्तीला येतात, त्या प्रत्येकावर पेशी तुटून पडल्या असत्या, तर बाळाच्याच ऊतींना इजा झाली असती.

प्रश्नकर्ती
बाई, डॉक्टर, आभारी आहे. आमच्याकडून काही करता येईल का?

उत्तर (बालरोगतज्ज्ञ, फोंडा)
बहिणीने दूध काढून द्यावे. त्यातील लॅक्टोफेरिन हे प्रथिन बुरशीला लागणारे लोह अडवते. बाळाला हात लावण्यापूर्वी प्रत्येकाने हात धुवावेत, कारण कँडिडा पॅराप्सिलोसिस ही जात मुख्यतः हातांवरून पसरते.