खान्देशात वाढलेला कुत्रा गुडघाभर बर्फात खेळतो आहे. हे त्याला सोसेल का?

नाना, चोपडा

माझी मुलगी व जावई कॅनडातील विनिपेग शहरात राहतात. आमच्या मळ्यात वाढलेला लाल्या नावाचा चार वर्षांचा गावठी कुत्रा त्यांनी गेल्या ऑगस्टमध्ये लसीकरण व कागदपत्रे पूर्ण करून तिकडे नेला. वैशाखात पारा ४५ अंशांवर गेला की हा कुत्रा रांजणाखालची ओली वाळू पुढच्या पायांनी उकरून त्या खड्ड्यात पोट टेकून पडायचा, नाहीतर केळीच्या बागेत ठिबकच्या नळीखालची ओल शोधायचा. दुपारी हाक मारली तर केवळ शेपटी हलवायचा, उठायचा नाही.

परवा व्हिडिओ कॉलवर त्याला पाहिले तेव्हा तिकडे उणे १२ अंश तापमान होते. तो डोळ्यांपर्यंत तोंड बर्फात खुपसत होता, क्षणभर तसाच थांबत होता आणि मग चारही पाय एकदम उचलून दुसरीकडे उडी घेत होता. मध्येच पाठीवर लोळला. मुलगी दारातून बोलावत होती, तरी आत यायला तयार नव्हता. त्याच्या नाकावर साचलेला बर्फ पाहून आमच्या घरी सगळ्यांच्या जिवाची घालमेल झाली. हा खरोखरच आनंद आहे, की थंडीने जीव कासावीस झाल्याची धडपड आहे? आणि त्याला किती वेळ बाहेर राहू द्यावे? जाणकारांनी कृपया सांगावे.

पशुवैद्य, धुळे

नाना, आपण केलेल्या वर्णनावरून हा आनंदच आहे. थंडीने त्रासलेला कुत्रा पाठीची कमान करतो, शेपटी पोटाखाली घेतो, थरथरतो आणि एकेक पाय आळीपाळीने जमिनीवरून उचलून धरतो. तो मोकळेपणाने लोळत नाही.

या आनंदाचे एक कारण आपल्या रांजणाखालच्या खड्ड्यातच आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धावताना स्नायूंमध्ये निर्माण झालेली उष्णता त्याला मुख्यतः धाप टाकून, जिभेवाटे व श्वासावाटे बाहेर टाकावी लागते आणि भोवतालची हवाच तापलेली असेल तर ते नीट साधत नाही. म्हणून आपल्याकडे मे महिन्यात धडधाकट कुत्रासुद्धा दहा मिनिटांच्या पळापळीत गळून जातो. थंड हवेत ही अडचण दूर होते. लाल्याला मनसोक्त धावण्याची मुभा तिकडच्या हवेने दिली आहे, असे म्हणता येईल.

तोंड खुपसण्यामागे नाक आहे. जमिनीवरचे वास बर्फाखाली दबून जातात, त्यामुळे ओळखीच्या अंगणातही त्याला प्रत्येक वास उकरून काढावा लागतो, आणि कुत्र्याला शोधण्याइतका आवडता खेळ दुसरा नाही. शिवाय ताज्या हिमात हवा भरपूर असल्याने ते भुसभुशीत असते. पडले तरी लागत नाही.

पायांबद्दलही सांगतो. तळव्यांच्या गादीत रक्त नेणाऱ्या धमन्यांना शिरांचे जाळे इतके लगटून असते, की खाली जाणारे उष्ण रक्त परत येणाऱ्या गार रक्ताला वाटेतच ऊब देते. जपानी संशोधकांनी २०११ मध्ये ही रचना सविस्तर दाखवली. त्यामुळे तळवे गोठत नाहीत आणि गार रक्त थेट शरीरात शिरत नाही. मात्र कानांची टोके, शेपटीचा शेंडा आणि पोटाची विरळ केसांची त्वचा यांना असे संरक्षण नसते, म्हणून तिथे लक्ष ठेवावे.

माजी सैनिक, चाळीसगाव

माझी काही वर्षे द्रास भागात गेली. तिथल्या चौकीवरची कुत्री हिमवर्षाव चालू असताना अंगाचे वेटोळे करून, शेपटीने नाक झाकून बाहेरच झोपत. सकाळी पाहावे तर अंगणात नुसते उंचवटे दिसत, आणि भांड्यांचा आवाज झाला की एकेक उंचवटा फुटून त्यातून कुत्रे अंग झाडत उभे राहत असे. त्यानंतर ऊन पडले की एकमेकांमागे त्यांची जी पळापळ चाले, ती पाहणे हा आमच्या दिवसातला सर्वांत सुखाचा भाग होता. बर्फात गाडल्या गेलेल्या माणसांचा शोध घेणाऱ्या कुत्र्यांचे प्रशिक्षणसुद्धा खेळातूनच होते. लपलेला माणूस सापडला की त्यांना बक्षीस म्हणून आवडते खेळणे मिळते. तेव्हा नाना, आपण काळजी करू नये. कुत्र्याची जात काटक असते.

भुसावळची लेक, एडमंटन

दादांच्या अनुभवाबद्दल मला पूर्ण आदर आहे, परंतु काळजीच करू नका असे मी म्हणणार नाही. द्रासच्या कुत्र्यांच्या अंगावर बाहेर राठ, लांब केस आणि आत लोकरीसारखा दाट थर असतो. हस्की कुत्र्यांचेही तसेच. आपल्या गावठी कुत्र्याचे केस आखूड असतात आणि आतला थर अगदीच बेताचा. दिवस लहान होत जातात तशी त्याची लव थोडी दाट होते, पण एका हिवाळ्यात तो पहाडी कुत्रा होत नाही.

माझ्याकडेही भारतातून आणलेली अशीच एक कुत्री आहे. पहिल्या हिवाळ्यात ती खेळता खेळता अचानक खाली बसली आणि पुढचा पाय चावू लागली. उचलून आत आणले तेव्हा बोटांच्या बेचक्यात शेंगदाण्याएवढे बर्फाचे खडे केसांना घट्ट चिकटलेले आढळले. ते ओढून काढू नयेत. कोमट पाण्यात पाय धरले की आपोआप सुटतात. तेव्हापासून मी बेचक्यातील केस कापते आणि बाहेर जाण्यापूर्वी तळव्यांना मेण चोळते. परत आल्यावर पाय धुणे मात्र कधीही चुकवू नये, कारण इथे रस्त्यांवर बर्फ वितळण्यासाठी मीठ टाकतात. ते तळव्यांना झोंबते आणि कुत्री पाय चाटतात तेव्हा पोटातही जाते. गाडीच्या रेडिएटरमध्ये घालायच्या गोठणरोधक द्रवात बहुधा इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड असल्याने कुत्री चाटतात, आणि थोड्याशा मात्रेनेही मूत्रपिंडे निकामी होतात. वाहने उभी असतात तिथे लाल्याला मोकळे सोडू नये, हे मुलीला आवर्जून सांगा.

जानेवारीत विनिपेगमध्ये रात्री पारा उणे २० अंशांच्या आसपास असतो आणि वारा सुटला तर थंडी त्याहूनही बोचते. अशा वेळी मी कुत्रीला अंगरखा घालून केवळ पाच-दहा मिनिटांसाठी नेते. उणे पाच-सहा अंश असतील, ऊन असेल आणि ती धावत असेल, तर अर्धा तासही खेळू देते. उभी राहिली की घरी.

पशुवैद्य, धुळे

ताईंशी मी सहमत आहे. एक भर घालतो. कानाचे टोक पांढुरके किंवा करडे दिसले आणि हाताला थंडगार लागले, तर ते चोळू नये; चोळल्याने गोठलेल्या पेशींना इजा होते. कोमट पाण्यात भिजवलेला कपडा हलकेच धरावा आणि लगेच डॉक्टरांकडे न्यावे. कुत्र्याच्या शरीराचे तापमान साधारणपणे ३८ ते ३९ अंश असते. ते ३७ च्या खाली गेले, थरथर थांबून कुत्रा सुस्त झाला, तर अजिबात वाट पाहू नये.

नाना, चोपडा

सर्वांचा मनापासून आभारी आहे. हे सारे मी मुलीला वाचून दाखवले. काल संध्याकाळी तिने लाल्याला अंगरखा घालून अंगणात सोडले आणि फोन त्याच्याकडे धरला. पंधराव्या मिनिटाला त्याने पुढचा उजवा पाय उचलून धरला, तसे तिने लगेच त्याला आत घेतले, पाय कोमट पाण्यात धरले आणि मला एकेक बोट फाकवून दाखवले. दोन बारीक खडे निघाले. कान व्यवस्थित होते. अंग पुसून होताच तो पुन्हा दाराशी जाऊन बसला आणि काचेला नाक लावून बाहेर पाहू लागला.