अ‍ॅटिका जेलचा उठाव नेमका कशासाठी होता?

प्रश्न: न्यूयॉर्क राज्यातला १९७१ चा अ‍ॅटिका उठाव काळ्या लोकांच्या मुक्तिलढ्याचा भाग का मानतात? जेलमधली दंगलच ना ती?

उत्तर १: दंगल म्हणू नका प्लीज. आठवड्याला एक अंघोळ, महिन्याला टॉयलेट पेपरचा एकच रोल, निम्म्याहून जास्त कैदी काळे आणि गार्ड जवळपास सगळे गोरे, त्यात ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिन जेलमध्ये जॉर्ज जॅक्सन या काळ्या कैदी-लेखकाला गार्डांनी गोळी घातली, मग ९ सप्टेंबरला भडका उडालाच. मागण्या काय तर नीट डॉक्टर, बरं जेवण, कामाचा पगार.

उत्तर २: आणि १३ तारखेला जेल परत ताब्यात घेताना पोलिसांच्या गोळीबारात ३९ जण गेले, त्यातले १० जण कैद्यांनी ओलीस धरलेले जेलचे कर्मचारी. अधिकारी म्हणाले कैद्यांनी ओलिसांचे गळे चिरले, पोस्टमॉर्टेममध्ये मात्र गोळ्याच निघाल्या!

प्रश्नकर्ता: बापरे. भरपाई मिळाली का?

उत्तर १: कैद्यांना थेट २००० साली. तोवर कितीतरी जण वारले होते, संताप येतो वाचताना.