गरोदरपणात दाढेतली जुनी चांदी काढून घ्यावी का?

प्रश्न :
शाळेत असताना माझ्या खालच्या दोन दाढांमध्ये चांदी भरली होती. ती आजही शाबूत आहे आणि कसला ठणका नाही. सध्या मला पाचवा महिना चालू आहे. दात साफ करून घ्यायला गेले असता एका दवाखान्यात सांगण्यात आले की त्या भरावातला पारा बाळापर्यंत पोहोचतो, म्हणून दोन्ही दाढांतली चांदी लगेच काढून दाताच्या रंगाचे सिमेंट भरून घ्यावे. तेव्हापासून जेवताना प्रत्येक घासाला मनात शंका येते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (निवृत्त दंतवैद्य) :
ताई, शाबूत भरावाला गरोदरपणात मुळीच हात लावू देऊ नका. या भरावात वजनाने साधारण निम्मा पारा आणि बाकी चांदी, कथील व तांबे असते. तो घट्ट झाल्यावर पारा या धातूंशी बांधला जातो, तरी चावताना, विशेषतः झोपेत दात खाण्याची सवय असल्यास, त्यातून अत्यल्प वाफ सुटत राहते. ही वाफ फुफ्फुसांतून रक्तात जाते आणि वारेतून बाळापर्यंतही पोहोचू शकते, त्यामुळे तुम्हाला सांगितलेले अगदीच निराधार नाही. पण भराव काढायचा तर तो वेगाने फिरणाऱ्या बरने, म्हणजे ड्रिलच्या टोकाने, कापावा लागतो, आणि त्या थोड्या वेळात एरवीपेक्षा कितीतरी जास्त वाफ व भुकटी तोंडात तयार होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२० मध्ये गरोदर व स्तनदा माता, लहान मुले आणि मूत्रपिंडाचे किंवा मज्जासंस्थेचे विकार असलेल्यांमध्ये हा भराव नव्याने शक्यतो वापरू नये असे सांगितले, आणि त्याच वेळी सुस्थितीतले जुने भराव वैद्यकीय गरजेशिवाय काढू नयेत असेही बजावले.

उत्तर २ :
मग युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून त्यावर बंदी का घातली? भराव सुरक्षित असता तर नॉर्वे आणि स्वीडन यांनी त्याआधीच तो का सोडला असता?

उत्तर ३ (पर्यावरण विषयाची अभ्यासक) :
या निर्णयांमागे रुग्णाच्या तोंडाइतकाच, किंबहुना अधिक, पर्यावरणाचा विचार आहे. दवाखान्याच्या बेसिनमधून वाहून गेलेला पारा सांडपाण्यात मिसळतो, मृतदेहाच्या दहनाच्या वेळी दातांतला पारा धुराबरोबर हवेत जातो, आणि पाण्यात पोहोचलेल्या पाऱ्यापासून जिवाणू मिथाइल पारा तयार करतात, जो माशांत साठत जातो. जपानमधील मिनामाटा येथे लोकांचे जीव घेणारा तो हाच मिथाइल पारा. तिथे मात्र तो कारखान्याच्या सांडपाण्यातून आला होता. त्या गावाच्या नावाने झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने दातांच्या भरावातला पारा टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे ठरवले असून २०१८ मध्ये भारतानेही त्याला मान्यता दिली आहे. वापर थांबवण्याचे धोरण योग्यच आहे, पण त्यावरून प्रत्येकाच्या तोंडातला जुना भराव आजार निर्माण करतो असा अर्थ काढता येत नाही.

उत्तर १ (पुन्हा) :
सहमत आहे. पोर्तुगालमधील लिस्बन आणि अमेरिकेतील न्यू इंग्लंड येथे मुलांवर काही वर्षे चाललेल्या दोन चाचण्यांचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. चांदी भरलेल्या आणि कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचा प्लास्टिकसारखा पदार्थ, भरलेल्या मुलांच्या बुद्धीत वा मज्जासंस्थेच्या कार्यात लक्षणीय फरक आढळला नाही. खरी झळ आमच्या पिढीतल्या डॉक्टरांना आणि मदतनिसांना अधिक बसत असे, कारण आम्ही पारा खलात घोटून जास्तीचा कापडातून बोटांनी पिळून काढत असू. आता तो बंद कॅप्सूलमध्ये मिसळला जातो.

प्रश्नकर्ती :
मनावरचे ओझे उतरले. पण बाळंतपणाआधीच एखादा भराव तुटला तर काय करावे?

उत्तर १ :
तुकडा गिळला गेला तरी घाबरू नका, कारण धातूरूप पारा आतड्यांतून जवळजवळ शोषला जात नाही. दाढ उघडी पडून दुखू लागली तर मात्र उपचार टाळू नका. रबर डॅम, म्हणजे दाताभोवती बसवायचा रबराचा पातळ पडदा, लावून, भरपूर पाणी आणि जोराचे सक्शन वापरून, शक्य तितके मोठे तुकडे करून भराव काढायला सांगा, आणि त्या जागी काचेचे सिमेंट म्हणजे ग्लास आयनोमर किंवा कॉम्पोझिट भरून घ्या. कॉम्पोझिटला दाढ पूर्ण कोरडी लागते, तेव्हा घाईची वेळ घेऊ नका.