पेन्सिलच्या टोकाला सिलिकॉनची टोपी घालावी का?

प्रश्न: दहावीची भूमिती रात्री ऑनलाइन शिकवते. आयपॅडवर लिहायच्या ॲपल पेन्सिलची काचेवरची टकटक माइकमध्ये येते, आणि शिरोरेषा ओढताना टोक सटकन घसरतं. सिलिकॉनची टोपी घालू का?

उत्तर: जरूर घाला, आवाज बराच कमी होतो. पण पातळच घ्या. माझ्या जाड टोपीत हलक्या हाताने दिलेला अनुस्वार उमटतच नव्हता, ‘अंश’चा ‘अश’ व्हायचा!

उत्तर: टोपी पूर्ण आत ढकला, सैल राहिली तर रेघ डगमगते. टोकच झिजलं असेल तर टोपीने भागणार नाही. ते फिरवून निघतं, नवं लावा.

प्रश्नकर्ती: पातळ आणली. पहिल्या दिवशी हात अडखळला, पण आता हाताने काढलेलं वर्तुळही नीट जुळतं. धूळ मात्र फार धरते, तासाआधी ओल्या फडक्याने पुसते. दोघांचे मनापासून आभार.